झाडलोट करी जनी : निवड समित्यांना आणि चित्रपटगृहवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या चित्रपट महोत्सवांचे संयोजक, त्यांच्या निवड समित्यांचे सदस्य, आणि कोणत्या पडद्यावर कोणता खेळ लागणार हे ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा चित्रपट एका महोत्सवानं रीतसर निवडला, वेळापत्रकात छापला, आणि खेळ अगदी तोंडावर आलेला असताना फोन करून अट घातली. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातला मैला उचलणाऱ्या बाईच्या तोंडचा अभंग काढा, नाहीतर चित्रपट मागे घ्या. कारण विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "अभंग ठेवा किंवा मैला ठेवा. दोन्ही एकत्र नको." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकातून आमचं नाव गेलेलं होतं.

महोत्सवाचं नाव इथे लिहीत नाही. एका महोत्सवाला धारेवर धरून माझं काम होणार नाही. हेच वाक्य थोड्याफार फरकानं मी बऱ्याच दारांत ऐकलं आहे, आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या इतरांनीही ऐकलं आहे. म्हणून हे पत्र आपणा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

आधी मी कोण ते सांगते. आमचं घर पंढरपूर तालुक्यातलं, वारकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आईच्या आहे, माझ्याही आहे. पाठीशी स्टुडिओ नाही, मोठा निर्माता नाही. नातेवाईक, मित्र, गावातले दोनचार दुकानदार यांच्या पैशांतून हा चित्रपट उभा राहिला. त्यातल्या कोणीही 'आमचे पैसे कधी परत देणार' असं विचारलेलं नाही. 'आम्हाला कुठे बघायला मिळेल' एवढंच विचारतात. त्यांना द्यायला आज माझ्याकडे उत्तर नाही.

चित्रपट आषाढी एकादशीच्या एका रात्रीचा आहे. बायजा ठेक्यावर सफाईचं काम करते. लाखो माणसं चंद्रभागेत स्नान करून, दर्शनबारीत उभी राहून, भजनं गाऊन जातात आणि मागे जे उरतं ते तिच्या वाट्याला येतं. खराटा, फावडं, घमेलं, ब्लीचिंग पावडरची गोणी. माणसाला हातानं मैला उचलायला लावू नये असा कायदा देशात २०१३ साली झाला. त्या आधी १९९३ सालीही एक झाला होता. तरीही बायजा काय उचलते ते मी दाखवलं आहे, लांबून नाही, हातभर अंतरावरून. आणि बायजा माळकरी आहे. सकाळी ड्युटी संपली की ती नदीत अंघोळ करते, बारीत उभं राहण्याइतकी सवड नसते म्हणून महाद्वाराकडून कळसाला हात जोडते आणि घरी जाते. वारकऱ्याला कळसदर्शनही दर्शनच असतं, हे आपल्याला सांगायला नको.

चित्रीकरणाआधी आमच्या अभिनेत्रीला खराटा धरायला शिकवायला एक सफाई कामगार ताई येत असत. पहिल्याच दिवशी त्यांनी कामाला हात घालण्याआधी गळ्यातली माळ उचलली, पोलक्याच्या आत वरच्या बाजूला घेतली आणि सेफ्टी पिननं अडकवली. वाकल्यावर ती खाली लोंबू नये, घाणीला लागू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, त्या रोज तसंच करत होत्या. ती पिन चित्रपटात आहे. श्रद्धेविषयी मला जे म्हणायचं होतं त्यातलं बरंचसं त्या पिनेत आलं आहे.

आता ज्या अभंगावर आक्षेप आहे तो. बायजा झाडता झाडता संत जनाबाईंचा अभंग म्हणते :

झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥
पाटी घेऊनियां डोईवरी । नेऊनियां टाकी दुरी ॥
ऐसा भक्तिसी भुलला । नीच कामें करूं लागला ॥

जनी झाडते आणि देव केर भरतो. नुसता भरत नाही, पाटी डोक्यावर घेतो आणि लांब नेऊन टाकतो. 'नीच कामें' हे जनाबाईंचे शब्द आहेत, माझे नाहीत. सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या एका दासीनं विठ्ठलाच्या डोक्यावर केराची पाटी ठेवली, आणि महाराष्ट्रानं तो अभंग देवघरात, भजनात, जात्यावर सांभाळला. तो अभंग केराजवळ नको असं आपण म्हणता तेव्हा तो दुसरीकडे कुठे म्हणायचा? वातानुकूलित सभागृहात, जरीच्या नऊवारीत, हार्मोनियमवर चालतो. ज्या कामाविषयी तो आहे ते काम करणाऱ्या बाईच्या तोंडी चालत नाही. हा निर्णय मला मान्य नाही, माझ्यातल्या दिग्दर्शिकेला नाही आणि माझ्यातल्या वारकऱ्याला तर मुळीच नाही.

माझ्या तक्रारी मी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार कार्यपद्धतीची. आमच्या चित्रपटाला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र आहे, यूए १३+ (तेरा वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनानं पाहावा असं), आणि वाळवंटातल्या त्या प्रसंगाला कात्री न लागता मिळालेलं आहे. म्हणजे कायद्यानं ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं आणि मोकळा केला. त्यानंतर आपल्या समितीनं पाहिला आणि निवडला. मग कोणीतरी, ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही, 'भावना दुखावतील' असं कळवलं आणि त्या एका निरोपावर निर्णय फिरला. लेखी एक ओळ मिळाली नाही. आक्षेप कोणाचा, नेमका कशावर, तो कोणी तपासला, यांपैकी काहीही आम्हाला कळवलं गेलं नाही. आम्ही मेल लिहिले. उत्तर फोनवरच आलं, तेही "तुम्ही समजून घ्या" एवढंच.

समजून घ्यायचं ते सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगून ठेवलं आहे. एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र रद्द झालं होतं, निदर्शनं होतील या भीतीपोटी. न्यायालयानं म्हटलं की मोर्चे, निदर्शनं किंवा हिंसेची धमकी हे अभिव्यक्ती दाबण्याचं कारण होऊ शकत नाही. चिडलेल्या जमावाला आवरणं आम्हाला जमत नाही, अशी सबब सरकारला सांगता येणार नाही. आपल्या दारात तर जमावही आला नव्हता. एक फोन आला होता.

शेजारच्या गोव्यात काय झालं तेही आठवून पाहावं. २०१७ सालच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, निवड मंडळानं सनलकुमार ससिधरन यांचा 'एस दुर्गा' हा मल्याळम चित्रपट घेतला होता. देवीच्या उत्सवात अंगात आकडे खुपसून घेऊन लटकणारे भक्त एकीकडे, आणि त्याच रात्री रस्त्यावर गाडीत अडकलेली दुर्गा नावाची एक मुलगी दुसरीकडे, अशी त्याची मांडणी. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवाचा टायगर पुरस्कार मिळालेला. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं तो, आणि त्याच्याबरोबर रवी जाधवांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट, यादीतून काढला. मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयानं 'एस दुर्गा' दाखवण्याचा आदेश दिला. तरी महोत्सव संपेपर्यंत तो पडद्यावर आला नाही. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या होत्या, लेख लिहिले होते. मला त्याचं मोल आहे. पण तेव्हा काढायला लावणारं मंत्रालय होतं, आज आपणच काढता. आणि आपण काढलं की त्याविरुद्ध जायला न्यायालयही उरत नाही, कारण आमच्या हातात कागदच नसतो.

दुसरी तक्रार : वारकऱ्यांच्या भावनांचा दाखला देताना वारकऱ्यांना कोणी विचारलं? आम्ही विचारलं. आमच्या भागातल्या एका मठाच्या सभामंडपात रात्री चादर ताणून चित्रपट दाखवला. दिंडीतली मंडळी होती, विणेकरी होते, सत्तरीपुढच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला धाकधूक होती, कारण ही माझी माणसं. वाळवंटाचा प्रसंग आला. चित्रपटात बायजाला दम लागतो आणि अभंग तिसऱ्या ओळीवर तुटतो. पडद्यावर नुसता खराट्याचा आवाज राहतो. तेवढ्यात मागून एका म्हातारीनं पुढची ओळ उचलली, 'जनी म्हणे विठोबाला', आणि भिंतीकडच्या सगळ्या जणींनी ती पुरी केली, 'काय उतराई होऊं तुला'. नंतर एका कीर्तनकार महाराजांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एका ठिकाणी टाळांचा ठेका चुकला आहे, तो दुरुस्त करा. आणि बायजाला चपला द्या, पाय भाजतात त्या पावडरीनं. टाळांचा ठेका आम्ही दुरुस्त केला. बायजाला चपला दिल्या नाहीत, कारण ठेकेदार देत नाही, हेच तर दाखवायचं होतं. महाराजांना तसं सांगितलं, त्यांना पटलं. आक्षेप घेणारी मंडळी त्या मंडपात आली असती तर बरं झालं असतं. आमंत्रण आजही आहे.

तिसरी गोष्ट मला थोडी सविस्तर लिहावी लागेल, कारण ती उलट्या बाजूनं येते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पटकथेवर काम चालू होतं तेव्हा एका कार्यशाळेत जाणत्या मंडळींनी ती वाचली. त्यांना घाण मान्य होती, विठ्ठल मान्य नव्हता. 'शेवटी तिनं माळ तोडून नदीत टाकायला हवी, नाहीतर हा प्रतिगामी चित्रपट होईल', असं सुचवण्यात आलं. वास्तव दाखवायचं तर श्रद्धा गळून पडलीच पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. मी त्यांना विचारलं, तुम्ही अशी किती माणसं पाहिलीत जी हे काम करतात आणि देव सोडतात? बायजा ठेकेदाराशी भांडते, पगार बुडाला म्हणून कार्यालयापुढे बसते, पोरीला या कामात येऊ देत नाही. आणि ती विठ्ठलाला मानते. एका गोष्टीसाठी दुसरी सोडण्याची तिला गरज वाटत नाही. माझ्या गावातल्या बायकांना कधी वाटली नाही.

म्हणजे एकीकडे घाण काढा म्हणणारे, दुसरीकडे देव काढा म्हणणारे. दोघांनाही वाटतं की मैल्यात हात असलेल्या बाईचा देव खरा नसतो. त्यांच्यातलं हे एकमत मला कोणत्याही बंदीपेक्षा जास्त लागलं.

आणि हे सगळं मराठीत घडावं याचं दुःख जास्त आहे. 'स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' हे तुकोबांनी स्वतःच्या घराविषयी लिहिलं. दुष्काळात बायको भुकेनं गेली, दिवाळं निघालं, मान गेला, ते सगळं अभंगात आहे, देवासमोर मांडलेलं आहे. चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून झाला असं परंपरा सांगते. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती त्यांची, अशी नामदेवांनी ओळखली. वेठीला जुंपलेल्या मजुरांचा अपघात आणि नामस्मरण एकाच गोष्टीत आहेत, आणि ती गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो. आजही महाद्वारात नामदेव पायरीशी चोखोबांची समाधी आहे. पण त्याच चोखोबांच्या माणसांना त्या पायरीच्या आत जाण्यासाठी १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. आमच्या चित्रपटात बायजाची सासू ते सांगते.

आपल्या सिनेमाचंही तसंच. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' घ्या. दामले-फत्तेलालांनी वैकुंठाचं विमान दाखवलं, आणि त्याच चित्रपटात रिकामी भांडी, आजारी पोर आणि विठ्ठलाला फैलावर घेणारी जिजाई दाखवली. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेला. 'संत तुकाराम'च्या आदल्या वर्षी, १९३५ साली, शांतारामबापूंनी संत एकनाथांवर चित्रपट केला. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ, बालगंधर्वांनी केलेले. त्याचं नाव 'महात्मा' होतं. सेन्सॉरनं ते बदलायला लावलं, गांधीजींची आठवण येते म्हणून, आणि तो 'धर्मात्मा' झाला. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. नव्वद वर्षांनी आपल्याच माणसांकडून आपल्याच संतांच्या बाबतीत तसाच निरोप यावा, हे मला पटवून घेता येत नाही.

चित्रपटगृहांबद्दल थोडक्यात लिहिते. 'हा भक्तिपट की समस्यापट?' हा प्रश्न मला विचारला गेला. भक्तिपट असेल तर आषाढीच्या आठवड्यात लावू, पण मग 'ते सीन' कमी करा. समस्यापट असेल तर सकाळी नऊचा एक खेळ, तोही आठवड्यातल्या मधल्या दिवशी. मराठी चित्रपटाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत जागा द्यायची असं २०१५ साली मोठी चर्चा होऊन ठरलं होतं. सकाळी नऊला ज्यांच्यासाठी हा चित्रपट आहे ती माणसं कामावर असतात. सफाई कामगार तर पहाटेपासून असतात. नऊच्या खेळाला कोणी आलं नाही की 'प्रेक्षकच नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी उतरवायचा, आणि पुढच्या वेळी तोच आकडा आमच्या तोंडावर दाखवायचा. हे थांबवा, एवढंच म्हणणं आहे.

आता मागण्या. त्या कोणाला अवघड जाव्यात अशा नाहीत.

निवडलेला चित्रपट काढायचा असेल तर कारण लेखी द्या, सहीनिशी. फोनवर नको.

आक्षेप आला तर ज्यानं चित्रपट पूर्ण पाहिला आहे त्याचाच ऐका, आणि तो दिग्दर्शकाला कळवून उत्तर द्यायची संधी द्या. धार्मिक भावनांचा प्रश्न असेल तर त्या परंपरेतल्या जाणकारांना बोलवा. कीर्तनकार आहेत, संतसाहित्याचे अभ्यासक आहेत, दिंडीतल्या बायका आहेत. त्यांच्यासमोर मी कधीही बसायला तयार आहे.

प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटात कापाकापीची अट घालू नका. आवडला नाही तर निवडू नका, तो आपला अधिकार आहे आणि मी तो मानते. निवडल्यावर मात्र त्याच्यामागे उभे राहा. पोलीस बंदोबस्त लागला तर मागा. खेळानंतर चर्चा ठेवा, विरोध करणाऱ्यांनाही माइक द्या.

चित्रपटगृहांनी अशा चित्रपटाला निदान पहिला आठवडा संध्याकाळचा एक खेळ द्यावा. पंढरपूर, सोलापूर, सांगोला, मंगळवेढा या भागात तरी द्यावा. चालला नाही तर उतरवा, मी तक्रार करणार नाही.

आणि शेवटची मागणी पटकथा वाचणाऱ्या जाणत्यांकडे आहे. गरीब माणसाच्या श्रद्धेला अडाणीपणा धरून चालू नका. आमच्या पात्रांनी देव सोडावा की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

माझ्याविषयी म्हणाल तर अभंग निघणार नाही आणि मैलाही निघणार नाही. कार्तिकीपर्यंत आम्ही गावोगावच्या मठांत, समाजमंदिरांत, शाळांच्या मैदानांवर चित्रपट दाखवणार आहोत. प्रोजेक्टर आणि चादर आमच्याकडे आहे, जागा आणि वीज ज्यांना देता येईल त्यांनी कळवावं. ज्या समितीनं आम्हाला काढलं तिच्या सदस्यांनाही यायचं असेल तर त्यांचं स्वागत आहे. त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांनी फोनवर जे सांगितलं ते मात्र लेखी पाठवावं, म्हणजे मला त्याचं उत्तर देता येईल.

आपली नम्र,
एक माळकरी दिग्दर्शिका
तालुका पंढरपूर